संगणकातले दप्तर : एक पॅनल की दोन?

दप्तर ही वस्तू महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातले लक्षावधी कागद रुमालांत बांधून ठेवलेले होते, हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. पुढे कचेऱ्यांच्या आणि कारखान्यांच्या फडताळांत त्या रुमालाची फाइल झाली, आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ती फाइल संगणकात जाऊन बसली. रुमालाला आता फोल्डर म्हणतात. फोल्डर उघडणे, त्यातले कागद पाहणे, इकडचा कागद तिकडे ठेवणे, नको तो काढून टाकणे ही कामे ज्या साधनाने होतात, त्याला फाइल मॅनेजर असे नाव आहे.

या साधनाची घडण मुख्यतः दोन प्रकारची असते. एका प्रकारात पडद्यावर एका वेळी एकच फोल्डर उघडे असते. दुसऱ्या प्रकारात पडदा मधोमध उभा विभागलेला असतो, आणि डाव्या भागात एक फोल्डर व उजव्या भागात दुसरे अशी दोन फोल्डरे शेजारी शेजारी उघडी राहतात. या प्रत्येक भागाला पॅनल म्हणतात. पहिली रचना एका पॅनलची, दुसरी दोन पॅनलची. यांपैकी कोणती कोणत्या कामाला लावावी, आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

विषय लहान, परिणाम मोठा

वसंत व्याख्यानमालेत साहित्य, समाजकारण, अर्थशास्त्र यांवर व्याख्याने व्हावीत हे योग्यच. त्या पंक्तीत हा कारकुनी विषय कशाला, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येईल. तिचे उत्तर आम्ही आमच्या कामातूनच देऊ इच्छितो.

आमच्या बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे, औषधांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने आहेत. जवळच १९६९ साली सुरू झालेले देशातले पहिले अणुवीजकेंद्र आहे. वसाहतीत कायम कामगार आहेत, तसे कंत्राटी कामगारही पुष्कळ आहेत. कंत्राटदार बदलतो, पण माणूस त्याच यंत्रावर उभा असतो. काही वर्षांनी ग्रॅच्युइटीचा, अपघाताच्या भरपाईचा किंवा कायम करून घेण्याचा प्रश्न निघतो, तेव्हा पहिली विचारणा हीच होते, की तुम्ही येथे सलग काम केले याला पुरावा काय? पुरावा म्हणजे हजेरीपट, पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधीच्या भरण्याची पावती, ओळखपत्राची प्रत. हे सारे आज संगणकात असते. त्यातले तीन महिन्यांचे हजेरीपट शेजारच्या भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडले, तर त्या माणसाच्या सेवेत तीन महिन्यांचे खिंडार पडते. कागद कोणी जाळलेला नसतो, फाडलेला नसतो. तो वेळेवर सापडत नाही, एवढेच. परंतु सुनावणीच्या दिवशी न सापडलेला कागद आणि मुळात नसलेला कागद यांची किंमत सारखीच होते.

म्हणून कागद हलवण्याचे साधन कसे आहे आणि ते वापरणाऱ्याच्या नजरेसमोर काय ठेवते, हा प्रश्न केवळ कारकुनी नाही. त्यावर माणसांची भाकरी अवलंबून असते.

नक्कल आणि बदली

दोन्ही रचनांतला फरक समजण्यासाठी आधी कामाचे स्वरूप पाहू. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे आठ तालुके नव्या जिल्ह्यात आले. जिल्हा विभागला म्हणजे दप्तरही विभागावे लागते. अशा वेळी काही कागद समूळ नव्या कचेरीत जायला हवे असतात. काही दोन्ही ठिकाणी लागतात, म्हणून त्यांची नक्कल करावी लागते. आणि काही होते तेथेच राहू द्यायचे असतात. प्रत्येक कागदापुढे तीन प्रश्न उभे राहतात. कोठून? कोठे? आणि मूळ प्रत मागे राहणार की नाही?

संगणकातही हेच तीन प्रश्न आहेत. मूळ प्रत मागे ठेवून दुसरीकडे तशीच प्रत करणे याला कॉपी म्हणतात. ती आपली नक्कल. मूळ प्रतच उचलून दुसरीकडे नेणे याला मूव्ह म्हणतात; ती आपली बदली. नक्कल चुकीच्या ठिकाणी पडली तर निदान मूळ प्रत शाबूत असते. बदली चुकली तर कागदाचा ठावठिकाणाच जातो. तेव्हा ‘कोठून’ आणि ‘कोठे’ या दोन्ही जागा काम करताना डोळ्यांसमोर असतात की नाहीत, यावर कामाचा खरेपणा ठरतो. दोन्ही रचनांतला खरा भेद येथेच आहे.

दोन घराणी

या दोन रचना एकाच वेळी कोणी शोधून काढल्या नाहीत. दोहोंची घराणी निराळी आहेत आणि दोहोंच्या जन्माची कारणेही निराळी आहेत.

१९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला. त्यावर डॉस नावाची प्रणाली चाले. तीत फाइल हलवायची तर कोठून आणि कोठे हे दोन्ही पत्ते अक्षरशः टंकावे लागत. एक अक्षर चुकले की काम अडे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना जॉन सोचा यांनी १९८४ च्या सुमारास यावर उपाय म्हणून एक प्रोग्रॅम लिहायला घेतला, आणि १९८६ साली पीटर नॉर्टन यांच्या कंपनीने तो ‘नॉर्टन कमांडर’ या नावाने प्रसिद्ध केला. निळ्या पडद्यावर डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी दोन पॅनले. टॅब हे बटण दाबले की हुकमत एका पॅनलातून दुसऱ्यात जाई. एफ-५ दाबले की नक्कल, एफ-६ दाबले की बदली, एफ-७ ने नवे फोल्डर, एफ-८ ने काढून टाकणे. ‘कोठे’ हे निराळे सांगावे लागत नसे. समोरचे पॅनल हेच ‘कोठे’ असे यंत्र धरून चाले.

त्या काळी ही रचना इतकी सोयीची का ठरली, याचे एक साधे कारण आहे. डॉसच्या पडद्यावर एका ओळीत ८० अक्षरे मावत आणि अशा २५ ओळी असत. फाइलचे नाव आठ अक्षरांचे आणि त्यापुढे तीन अक्षरांची शेपटी, एवढेच ठेवता येई. तेव्हा ४० अक्षरांच्या अर्ध्या पडद्यातही नाव, आकार, तारीख आणि वेळ सारे सुखाने बसे. पडदा दुभागल्याने काही गमवावे लागत नव्हते.

हे घराणे पुढे फार वाढले. स्वित्झर्लंडच्या क्रिश्चन गिस्लर यांनी १९९३ साली ‘विंडोज कमांडर’ काढला. २००२ साली त्याचे नाव बदलून ‘टोटल कमांडर’ झाले. मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा यांनी १९९४ साली युनिक्सच्या कुळातल्या संगणकांसाठी ‘मिडनाइट कमांडर’ लिहिला. रशियाच्या युजीन रोशल यांचा ‘फार मॅनेजर’ १९९६ चा. आजही यांतले बहुतेक वापरात आहेत आणि तीच एफ-५, एफ-६ ची बटणे त्यांत कायम आहेत. एखाद्या कारखान्यात यंत्रे बदलत जावीत पण हत्यारांची जागा पिढ्यान्‌पिढ्या तीच राहावी, त्यातला हा प्रकार.

दुसरे घराणे मेजाच्या कल्पनेतून निघाले. १९८१ चा झेरॉक्स स्टार आणि १९८४ चा अॅपलचा मॅकिंटॉश यांनी पडद्यालाच मेज मानले. मेजावर फोल्डर ठेवलेले आहे, ते उघडले की त्याची खिडकी उघडते, आत कागदांची चित्रे दिसतात. ज्याने संगणक कधी पाहिला नाही, त्यालाही ही उपमा चटकन समजते. १९९५ च्या विंडोजने एक्सप्लोरर आणला आणि ही पद्धत घरोघर व कचेरीकचेरीत पोहोचली. त्याच वेळी फाइलची नावे २५५ अक्षरांपर्यंत लांबवण्याची मुभा मिळाली, आणि पुढे छायाचित्रांच्या लहान प्रतिमाही दिसू लागल्या. लांब नावे आणि चित्रे यांना जागा लागते. अशा स्थितीत सर्व पडदा एकाच फोल्डरला देणे स्वाभाविक झाले. मग भ्रमणध्वनी आला. त्याचा पडदा अरुंद आणि उभा, त्यावर तर एक पॅनल हीच रूढी झाली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. एक्सप्लोररमध्ये डाव्या बाजूला फोल्डरांची यादी आणि उजव्या बाजूला कागद दिसतात, म्हणून तीही दोन पॅनलचीच रचना, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नव्हे. डावीकडे असतो तो नकाशा आणि उजवीकडे असते ती एकच खोली. दोन पॅनलच्या रचनेत दोन्ही बाजूंना खोल्याच असतात आणि दोन्ही खोल्यांतले सामान एकदम दिसते.

एका पॅनलात काम कसे चालते

एका पॅनलात कागद हलवायचा तर आधी तो जेथे आहे ती जागा उघडावी, कागद निवडावा, कॉपी किंवा कट म्हणावे, मग ती जागा सोडून दुसरीकडे जावे आणि पेस्ट म्हणावे. या मधल्या प्रवासात पहिली जागा दृष्टीआड झालेली असते. आपण काय घेऊन निघालो, हे पडद्यावर कोठेच लिहिलेले नसते. ते आपल्या ध्यानात असावे लागते. एवढ्यात टेलिफोन आला, कोणी समोर येऊन उभे राहिले आणि आपण दुसराच काही मजकूर कॉपी केला, की पहिला हुकूम मोडतो. कट केलेली फाइल अशा वेळी नाहीशी होत नाही, ती मूळ जागीच राहते, हे या पद्धतीच्या बाजूने सांगितले पाहिजे. परंतु हलवलेली समजून जी हलवलीच नाही, किंवा एका महिन्याच्या फोल्डरऐवजी शेजारच्या महिन्यात जी पडली, अशी फाइल पुढे डोकेदुखी होते. ज्याला दिवसाला दोनशे कागद जागच्या जागी लावायचे आहेत, त्याच्या स्मरणशक्तीवर हा निष्कारण भार आहे.

माऊसने कागद ओढून नेण्याच्या पद्धतीत आणखी एक खाच आहे, आणि ती प्रत्येक श्रोत्याने पक्की ध्यानात ठेवावी. विंडोजमध्ये एकाच ड्राइव्हवर एका फोल्डरमधून दुसऱ्यात फाइल ओढली तर तिची बदली होते. पण एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर, उदाहरणार्थ संगणकातून पेनड्राइव्हवर ओढली, तर तिची नक्कल होते. हाताची हालचाल एकच, परिणाम दोन. कंट्रोल बटण दाबून धरले तर नेहमी नक्कलच होते आणि शिफ्ट दाबून धरले तर नेहमी बदली होते. पण हे सांगितल्याशिवाय कळत नाही आणि सांगणारा भेटतोच असे नाही.

असे असले तरी एका पॅनलला कमी लेखू नये. कागद शोधायचा आहे, वाचायचा आहे, छायाचित्रांतून एखादे निवडायचे आहे, लांब नावांची यादी नजरेखालून घालायची आहे, तेव्हा एकच पॅनल चांगले. पूर्ण रुंदी मिळते, लक्ष विभागत नाही, नवशिक्याचा गोंधळ होत नाही. अपघाताच्या जागेची वीस छायाचित्रे पाहताना शेजारी दुसरे फोल्डर उघडे असण्याचा काय उपयोग?

दोन पॅनलचे मर्म

चिंचणी-तारापूर पट्ट्यात दागिन्यांचे साचे म्हणजे डाय कोरणारे कारागीर आहेत. नमुना पाहून पोलादावर कोरायचे तर नमुना आणि पोलाद दोन्ही जवळ हवेत. नमुना एका खोलीत पाहायचा आणि कोरायला दुसऱ्या खोलीत जायचे, असे कोणी सांगितले तर कारागीर हसेल. किराणा दुकानातला तराजूही हेच सांगतो. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात माल. दोन्ही पारडी एकदम समोर असतात, म्हणून गिऱ्हाईक आपल्या डोळ्यांनी खात्री करून घेते. एक पारडे पडद्याआड ठेवले तर मापावर विश्वास ठेवण्याखेरीज गत्यंतर नाही.

दोन पॅनलचे मर्म हेच आहे. त्याने वेग वाढतो असे सामान्यतः सांगतात, आणि ते बहुधा खरेही आहे. पण आमच्या मते तो दुय्यम लाभ. मुख्य लाभ हा, की ताळा करता येतो. इकडे काय आहे, तिकडे काय आहे, इकडचे तिकडे गेले की नाही, हे जाऊन पाहावे लागत नाही. ते दिसतच असते.

यावर कोणी म्हणेल, की एका पॅनलच्या दोन खिडक्या उघडून शेजारी शेजारी ठेवल्या की झाले. २००९ च्या विंडोज ७ पासून विंडोजचे बटण आणि डावा किंवा उजवा बाण दाबला की खिडकी अर्ध्या पडद्यावर जाऊन बसते. ही सोय चांगली आहे आणि दुसरे साधन हाताशी नसेल तेव्हा अवश्य वापरावी. पण या दोन खिडक्या एकमेकींना ओळखत नाहीत. ‘समोरच्या बाजूला पाठव’ असा हुकूम तेथे नाही आणि ‘दोन्ही बाजूंत फरक काय ते दाखव’ असाही नाही. टॅबची सोय मॅकच्या फाइंडरमध्ये २०१३ साली आणि विंडोज ११ मध्ये २०२२ साली आली. टॅबमुळे फोल्डरे एकामागे एक उघडी राहतात, पण त्यांतले एकच दिसते. जाणे-येणे सोपे होते, ताळा होत नाही.

एक उदाहरण

समजा, एका कंत्राटदाराने बोलणीनंतर दोन वर्षांचे हजेरीपट पेनड्राइव्हवर दिले. युनियनच्या कचेरीतही कामगारांकडून जमवलेल्या प्रती आहेत. आता तपासायचे असे, की त्याने दिलेल्या पटांत कोणता महिना गाळला आहे आणि आमच्याजवळ कोणता नाही. डाव्या पॅनलात आमचे फोल्डर उघडावे, उजव्यात पेनड्राइव्ह. टोटल कमांडर किंवा मिडनाइट कमांडर यांत दोन्ही फोल्डरांची तुलना करण्याचा हुकूम आहे. तो दिला की एका बाजूला असलेल्या आणि दुसऱ्या बाजूला नसलेल्या फाइली खूण होऊन उठून दिसतात. दोन वर्षांचे चोवीस महिने आणि शंभर माणसे म्हणजे चोवीसशे कागद. ते एकेक करून ताडायला दोन दिवस लागावेत. येथे काही मिनिटांत गळलेला महिना सापडतो.

मात्र यंत्र नावाने नाव ताडते. नावे एकसारखी नसतील तर तुलना व्यर्थ जाते. जाधव हे आडनाव इंग्रजीत एक कारकून एच घालून लिहितो, दुसरा तो गाळतो. मग एकच माणूस दोन ठिकाणी दोन माणसे होतो. म्हणून आम्ही फाइलीला माणसाच्या नावाऐवजी भविष्यनिर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक देतो. तो २०१४ पासून सुरू झाला, बारा आकड्यांचा असतो आणि मालक बदलला तरी बदलत नाही. त्यापुढे आधी वर्ष आणि मग महिना, तोही दोन आकड्यांत लिहायचा : जानेवारीला ०१, ऑक्टोबरला १०. असे केले की दोन्ही पॅनलांत फाइली एकाच क्रमाने लागतात आणि गळलेली जागा यंत्राने दाखवण्याआधीच डोळ्यांना दिसते.

नाव आणि आकार जुळले म्हणजे आतला मजकूर जुळला असे नव्हे. एका आकड्याच्या जागी दुसरा आकडा घातला तर फाइलीचा आकार तोच राहू शकतो. त्यासाठी मजकुरासकट तुलना करण्याचा पर्याय असतो. वेळ जास्त लागला तरी पुराव्याच्या कागदांना तोच लावावा. तारखेवरही आंधळा विश्वास नको. पेनड्राइव्हवर पुष्कळदा वापरल्या जाणाऱ्या फॅट नावाच्या मांडणीत बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने नोंदली जाते, त्यामुळे तीच फाइल दोन ठिकाणी सेकंदाने पुढेमागे दिसू शकते. तेवढ्यावरून कोणावर लबाडीचा आरोप करू नये. आणि शेवटचा नियम : पुराव्याचे कागद नेहमी नक्कल करून घ्यावेत, बदली करून घेऊ नयेत. मूळ पेनड्राइव्ह जसा आला तसा पाकिटात घालून, तारीख टाकून ठेवून द्यावा.

दोन पॅनलचे धोके

दोन पॅनलची रचना निर्दोष आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. दोन पॅनलांपैकी हुकमत एका वेळी एकाचीच असते, आणि ती कोणाची हे पडद्यावरची एखादी रंगीत पट्टी सांगते. ती न पाहता हुकूम सोडला तर डावीकडचे काढायचे ते उजवीकडचे निघते. पेनड्राइव्हवरून किंवा दुसऱ्या संगणकाच्या सामायिक फोल्डरमधून काढलेली फाइल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये सहसा जात नाही. ती गेली ती गेलीच. म्हणून एफ-८ दाबण्यापूर्वी पॅनलाच्या माथ्यावरचा पत्ता मोठ्याने वाचावा, अशी शिस्त आम्ही आमच्या मुलांना लावली आहे. पाळी बदलताना फिटर यंत्राच्या चाव्यांवर हात ठेवून त्यांची नावे घेतो, तशीच ही सवय.

दुसरा धोका दिशेचा. दोन्ही बाजू सारख्या करण्याच्या हुकमात बाण कोणत्या बाजूकडून कोणत्या बाजूकडे आहे, हे पाहिले नाही तर जुनी प्रत नव्या प्रतीवर बसते आणि नवी पुसली जाते. ‘या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू काय?’ असे यंत्र विचारते तेव्हा दोन्हींची तारीख व आकार वाचल्यावाचून होय म्हणू नये.

तिसरी अडचण जागेची. लहान लॅपटॉपवर अर्ध्या पडद्यात लांब नावे मधेच तुटतात, आणि शेपटाशी असलेला महिना दिसेनासा होतो. चौथी गोष्ट समजुतीची. दोन पॅनलांत दोन प्रती दिसल्या म्हणून दप्तर सुरक्षित झाले, असे समजू नये. दोन्ही प्रती एकाच डिस्कवर असतील तर डिस्क बिघडताच दोन्ही एकदम जातात. दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि शक्य तर दुसऱ्या इमारतीत असावी. ज्या वसाहतीत आग आणि स्फोट यांचे भय नेहमीचे, तेथे हे निराळे समजावून सांगायला नको.

हत्यार कोणी निवडायचे?

आता शेवटचा आणि आमच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. लिनक्सच्या जगात ग्नोम नावाचा एक मोठा प्रकल्प आहे. त्याचा पाया १९९७ साली घालणाऱ्यांत मिडनाइट कमांडरचे कर्ते मिगेल दे इकाझा हेच होते. ग्नोमच्या नॉटिलस या फाइल मॅनेजरमध्ये एफ-३ दाबले की दुसरे पॅनल उघडण्याची सोय होती. २०१२ साली ३.६ या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. साधन सोपे करावे, थोड्यांनी वापरलेल्या सोयी कमी कराव्यात, हा विचार अगदीच पोकळ नाही. प्रत्येक सोय सांभाळायला कोणाचे तरी श्रम लागतात. पण ज्यांचे रोजचे काम त्या बटणावर चालत होते, त्यांच्या हातातले हत्यार एका सुधारणेसरशी गेले.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. लिनक्स मिंटच्या मंडळींनी नॉटिलसची आधीची आवृत्ती घेतली, तिच्यातून नेमो नावाचा निराळा फाइल मॅनेजर उभा केला आणि त्यात एफ-३ ची सोय कायम ठेवली. केडीई या दुसऱ्या प्रकल्पाच्या डॉल्फिनमध्येही एफ-३ दाबले की एकाची दोन पॅनले होतात आणि पुन्हा दाबले की एक होते. हे शक्य झाले कारण या साधनांचा मूळ आराखडा सर्वांना खुला आहे आणि तो घेऊन बदलण्याचा हक्क परवान्यानेच दिलेला आहे. मालकीच्या साधनात हा मार्ग बंद असतो; तेथे कंपनी देईल ते घ्यायचे, नाहीतर दुसरे विकत आणायचे. मात्र नुसता हक्क पुरत नाही. तो बजावायला जाणकार आणि संघटित माणसे लागतात, हेही या उदाहरणावरून दिसते.

आमच्या कचेऱ्यांत याच्या अगदी उलट रीत आहे. साधन निवडतो तो ते न वापरणारा, आणि वापरतो त्याला कोणी विचारत नाही. हजेरीपट लावणारी मुलगी कंत्राटी असते. तिला एफ-३ कोणी दाखवलेले नसते, आणि नवा प्रोग्रॅम बसवण्याची परवानगी तिच्याजवळ नसते. पण महिनाअखेरीस एक फाइल चुकली की जाब तिलाच द्यावा लागतो. ज्याच्यावर चुकीची जबाबदारी, त्याला हत्याराच्या निवडीत वाव असला पाहिजे, ही मागणी आम्ही खाणीतल्या पहारीविषयी आणि यंत्रावरच्या पान्याविषयी करतो. संगणकाच्या पडद्याविषयी ती का करू नये?

तात्पर्य

शोधणे, पाहणे, वाचणे या कामांना एक पॅनल. हलवणे, ताडणे, दोन्ही बाजू सारख्या करणे या कामांना दोन. नवख्या माणसाला आधी एका पॅनलाची ओळख करून द्यावी; कागद हलवण्याचे काम हाती देताच दुसरे पॅनल उघडून दाखवावे. ज्या साधनात एका बटणाने एकाची दोन व दोनांचे एक करता येते, ते सर्वांत बरे, कारण तेथे कामाप्रमाणे साधन वाकते, साधनाप्रमाणे माणसाला वाकावे लागत नाही.

हजेरीचे दप्तर आजवर बहुधा एकाच पक्षाच्या कपाटात राहिले, आणि त्याची किल्लीही त्याच पक्षाकडे राहिली. आज प्रत काढणे स्वस्त झाले आहे आणि ताळा करणे सोपे झाले आहे. ज्या श्रोत्यांच्या घरात कोणी कामाला जाते, त्यांनी आपली पगारपत्रके महिन्याच्या महिन्याला मागून घ्यावीत, क्रमांक व महिना घालून ठेवावीत, आणि वर्षातून एकदा दोन पॅनले उघडून आपली प्रत व भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकाची उतरवून घेतलेली प्रत शेजारी शेजारी ठेवून पाहावी. गळलेला महिना त्याच वर्षी सापडला तर तो मागता येतो. दहा वर्षांनी सापडला तर द्यायला कोणी जागेवर असेलच असे नाही.